एकशे सतरा पुन्हा होईना

तीर्थरूप आत्यास,

भिंगरीचा उभ्या-उभ्याच नमस्कार. साष्टांग घालायला माझी काही हरकत नव्हती, पण या खोलीतल्या फरशीवर आजवर काय काय सांडलंय हे मला माहीत आहे, त्यामुळे ते राहू दे. आणि बसून लिहावं म्हटलं तर इथलं एकुलतं एक स्टूल बर्फाच्या घमेल्याने अडवलंय. म्हणून ओट्यावर वही टेकवून लिहितेय. अक्षर वाकडं आलं तर माझ्या वळणाला दोष देऊ नकोस, ओट्याच्या उंचीला दे.

इकडे मी खुशाल आहे. (हे खोटं आहे, पण पत्रात दुसऱ्या परिच्छेदाला असं लिहायचं असतं हे तूच शिकवलंस.) तुझी खुशाली कळव, म्हणजे खरीखुरी कळव. मागच्या पत्रात तू लिहिलंस की खोकला आहे, पण तो शेजारच्यांनी भिंती घासायला काढल्या म्हणून. त्याच्या आधीच्या पत्रात तो कापडाच्या तुसामुळे होता, आणि त्याच्याही आधी माठातल्या पाण्यामुळे. आत्या, तुझ्या खोकल्याला जितकी कारणं सापडतात तितकी मला माझे प्रयोग बिघडण्याची सापडत नाहीत, आणि मला तर त्याचाच पगार मिळतो. शिवाय गिऱ्हाइकं कमी म्हणून आठवडाभर स्वतःचेच ब्लाउज आत घेत बसले होते, दोन-दोन बोटं, असंही लिहिलंयस. वा गं वा! या वयात फिगर! मी इथे उभी राहून-राहून रुंद होतेय आणि तू तिकडे सडपातळ होतेयस. फोनच केला असता, पण मागच्या वेळचं आठवतंय ना? तू हट्टाने फोन डाव्या कानाला लावलास, दहा मिनिटं "आवाज येत नाही, आवाज येत नाही" म्हणून मलाच रागावलीस आणि ठेवून दिलास. डाव्या कानाने ऐकू येऊन किती वर्षं झाली हे मला माहीत आहे. तुला मात्र दर फोनला नव्याने खात्री करून घ्यायची असते.

हे पत्र घेऊन काचवाले काका येतील. आमच्याकडची काचेची भांडी फुंकून तयार करणारे आणि मी फोडलेली पुन्हा जोडणारे ते हेच. दर शनिवारी चारच्या बसने तुमच्या बाजूला आपल्या घरी जातात आणि रविवारी संध्याकाळी परततात. मागच्या शनिवारी तुला दोऱ्याची रिळं आणून दिली तेही तेच. आता सकाळचे साडेदहा वाजलेत, म्हणजे माझ्या हातात साडेपाच तास आहेत. पण तेही सलग नाहीत. माझ्यासमोर बर्फ आणि मीठ घातलेल्या घमेल्यात एक गोल भांडं बसलंय, त्यात दर वीस मिनिटांनी दहा थेंब टाकायचे, आणि आतलं तापमान उणे पाचच्या वर जाऊ द्यायचं नाही. वर गेलं की माल तपकिरी होतो आणि तपकिरी झाला की संपलं. हा माल ज्या पुडीपासून करायचा ती एवढीच शिल्लक होती, बाटली उलटी करून बुडावर टिचक्या मारून काढलीय. म्हणून अधूनमधून घंटा वाजेल आणि मी जाईन, तू आपली वाचत राहा. (वाजली. उणे सहा. बरं चाललंय.)

तर गोष्ट अशी की पुढच्या गुरुवारी सकाळपर्यंत मी एकशे सतरा नंबरचं औषध पुन्हा तयार करून दाखवलं नाही तर आमची खोली बंद होणार. मोठ्या साहेबांनी तसं लिहून कळवलंय, आणि तेही इतक्या गोड शब्दांत की दोनदा वाचेपर्यंत मला वाटलं माझी बढतीच झाली. खोली मिळणार आहे केसांच्या कलपावर संशोधन करणाऱ्यांना. मला त्यांच्यातच सामावून घेणार. म्हणजे सहा वर्षं क्षयाच्या जंतूशी भांडल्यावर उरलेली नोकरी मी पांढऱ्या केसांशी भांडत काढायची. खोलीचा निकाल लावणाऱ्या मीटिंगला अजून पावणेचार आठवडे आहेत, मग गुरुवारची घाई कशाला, असं तू विचारशील. त्याचं कारण तो जंतूच. इतर जंतू कसे अर्ध्या-अर्ध्या तासाला दुप्पट होतात, एका दिवसात वसाहत उभी करतात, मारायचे तर उद्या कळतं मेले की नाही. हा मेला दिवसातून कसाबसा एकदा दुप्पट होणार. त्याला बशीत वाढायला तीन आठवडे लागतात, म्हणजे त्याला वाढू न देणारं औषध खरंच काम करतंय की नाही हे कळायलाही तीन आठवडे. सरकारी कचेरीतसुद्धा कागद याच्यापेक्षा लवकर हलतो गं.

तू दर पत्रात विचारतेस, झाली का गोळी? आणि मी दर वेळी लिहिते, होतेय. पण होतेय म्हणजे नेमकं काय हे मी तुला कधी सांगितलंच नाही, ते आज सांगते. आमच्याकडे एक कॉम्प्युटरवाला आहे. तो पडद्यावर जंतूच्या आतल्या एका भागाचं चित्र काढतो आणि त्यात नेमका बसेल असा रेणू बेततो. दिसायला फार सुंदर. रंगीबेरंगी, गोल फिरणारा, इथून असा, तिथून तसा. हा माणूस सकाळी दहाला येतो आणि चहापर्यंत चाळीस रेणू काढून मोकळा होतो. मग ते माझ्याकडे येतात, आणि त्यातला एक प्रत्यक्षात करायला मला महिना लागतो. तुझं ते गिऱ्हाईक आठवतंय? मासिकातला फोटो घेऊन आलं होतं, फुग्याच्या बाह्या, मागे पंचवीस बटणं, आणि कापड आणलं होतं पाऊण मीटर. तसंच हे. मी म्हणावं की बाबा रे, हा कोपरा असा वळतच नाही, तर तो म्हणतो पडद्यावर वळतोय. वरून या जंतूने मेणचट, जाड पांघरूण घेतलेलं असतं, त्यातून आत शिरायचं. आत शिरलं तर जंतू ते बाहेर फेकतो. नाही फेकलं तर उंदराच्या यकृताला चालत नाही. यकृताला चाललं तर पाण्यात विरघळत नाही. असे एकशे सोळा झाले. एकशे सोळांपैकी काही जंतूंना आवडले असावेत अशी मला शंका आहे, कारण त्या बशांत ते जास्तच गुटगुटीत दिसत होते.

(घंटा. उणे पाच. घमेल्यात बर्फ घातला. बोटं गार पडलीत, अक्षर सांभाळून घे.)

आणि मग एकशे सतरा आलं. आमच्याकडे जंतूंची निगा राखायला एक बाई आहेत, आम्ही त्यांना जंतूबाई म्हणतो. (त्यांच्या मागे. समोर म्हणायची कोणाची छाती आहे?) या बाईंना मी सहा वर्षांत हसताना पाहिलेलं नाही. बंद खोलीत, तोंडावर मास्क, दोन-दोन हातमोजे, आणि आम्ही कोणी काचेला नाक लावलं तरी डोळे वटारतात. तर चार महिन्यांपूर्वी एका मंगळवारी त्या बाहेर आल्या, मास्क काढला, आणि माझ्याकडे बघून हसल्या. म्हटलं काहीतरी भयंकर झालंय. त्यांनी फोटो दाखवला. एकशे सतराच्या बशीत काही म्हणजे काही नव्हतं. स्वच्छ. सहा जुन्या औषधांना दाद न देणारा जंतू त्यांनी मुद्दाम घातला होता, तुला झाला होता तसला, आणि तो साफ गेला होता. मी त्या बशीच्या फोटोकडे बघून रडले, कॉम्प्युटरवाल्याने सगळ्यांना केक आणला आणि आपण हे आधीच सांगितलं होतं असं चारदा सांगितलं, आणि पुढच्याच शनिवारी मी दोन दिवस तुझ्याकडे आले. आठवतं? तू विचारलंस, झाली का गोळी? आणि मी पहिल्यांदा ताठ मानेने म्हणाले, झाली.

कानाला खडा लावते आत्या, पुन्हा असं कोणापुढे म्हणणार नाही. परत आल्यावर उंदरांसाठी जास्त माल हवा म्हणून मी एकशे सतरा दुसऱ्यांदा केलं. तीच वही, तीच मापं, तोच हात. तीन आठवड्यांनी जंतूबाई बाहेर आल्या त्या मास्क न काढताच. बशी भरून जंतू. तिसऱ्यांदा केलं. पुन्हा तेच. चार महिन्यांतले बाकीचे दिवस मी कसे काढले हे तुला सांगून उपयोग नाही, पण सांगते. आधी मी पाण्यावर संशय घेतला. मग द्रावणाच्या बाटल्यांवर. मग हवेवर, कारण पहिला माल केला त्या दिवशी दमट होतं, म्हणून मी खोलीत किटली उकळत ठेवली आणि धुराची घंटा वाजून सगळी इमारत खाली उतरली. (मोठे साहेब तेव्हा परदेशी पाहुण्यांना आमची सुरक्षाव्यवस्था दाखवत होते. पाहुण्यांना ती फार आवडली.) मग मी जंतूबाईंना म्हणाले की तुम्ही बशा बदलल्या असतील. हे वाक्य मी का बोलले मला ठाऊक नाही. त्यानंतर आठवडाभर त्या माझ्याशी फक्त चिठ्ठ्या लिहून बोलत होत्या, आणि चिठ्ठ्यांत तुम्ही-आम्ही. कॉम्प्युटरवाल्यालाही मी सोडलं नाही. काचवाल्या काकांवर तर ओरडले, की माझं भांडं तुम्ही कशाने धुतलंत. त्या बिचाऱ्यांनी भांडं घेतलं, उजेडात धरलं, आणि म्हणाले, ताई, भांडं स्वच्छ आहे, तुम्ही जरा जेवून या. मी जेवायला गेले आणि डब्यापुढे बसून पुन्हा रडले. आता तू म्हणशील ही मुलगी औषध करते की नुसती रडते. दोन्ही करते.

शेवटी पहिल्या मालाचं तळाशी राहिलेलं चिमूटभर मी नीट वेगळं करून तपासलं, आणि तिथे तोंडचं पाणी पळालं. त्या मालात शंभरातले शहाण्णव भाग एकशे सतरा होतं, म्हणजे तो सुंदर, गोल फिरणारा, कॉम्प्युटरवाल्याचा रेणू. आणि चार भाग होता कचरा. दोन रेणू एकमेकांना चुकून चिकटले होते, दोन बाह्या एकमेकींना शिवल्या जाव्यात तसे. जंतूबाईंनी दोन्ही वेगवेगळे तपासले. (चिठ्ठीवर.) जंतू मारत होता तो कचरा. एकशे सतरा स्वतः ढिम्म काही करत नव्हतं. तपासण्यात तो कचरा संपला, आणि आता सगळ्या जगात तो कुठेच नाही. सहा वर्षं मी माल स्वच्छ करायला शिकले, स्वच्छतेचा नाद तर तुझ्याच हाताखाली लागला, आणि आता मोठे साहेब म्हणतात की कचरा करून दाखवा. सरळ रस्त्याने तो रेणू बांधायचा तर सहा महिने लागतील, आणि माझ्याकडे आहे गुरुवार. पहिल्या वेळी तो आपोआप कसा झाला एवढं कळलं तर तीन दिवसांत होईल. कॉम्प्युटरवाल्याने आता चिकटलेल्या जोडीचं चित्र काढलंय आणि आपण हेच सुचवणार होतो म्हणून सांगत फिरतोय. त्याचं काय करायचं ते मी गुरुवारनंतर बघणार आहे.

(घंटा वाजली होती आणि मी लिहीतच बसले! आत्या, उणे दोन! उणे दोन झालं होतं! घमेल्यातलं सगळं पाणी झालंय. थांब.)

(आले. मधे पंचवीस मिनिटं गेली. बर्फाचं यंत्र खालच्या मजल्यावर आहे आणि शनिवारी लिफ्ट बंद असते. जिन्यात काचवाले काका भेटले, माझा अवतार बघून त्यांनी हातातला डबा भिंतीशी ठेवला आणि दोन बादल्या उचलल्या. मी घमेलं रिकामं केलं, त्यांनी बर्फ ओतला, मी मीठ घातलं, आणि दोघं जण भांड्याकडे बघत उभे राहिलो. पिवळं दिसत होतं. मग जरा जास्त पिवळं. उणे तीन. उणे चार. पुन्हा उणे सहा. तपकिरी झालेलं नाही. काचवाले काका म्हणाले, ताई, पत्र नंतर लिहा. मी म्हटलं, नंतर तुमची बस जाईल. ते म्हणाले, मग मी बर्फ बघतो, तुम्ही लिहा. आता ते घमेल्यापाशी पहारा देतायत. तर पुढे.)

तुला आठवतं, सुट्टीत मी तुझी मापांची वही लिहायचे? तू सांगायचीस नुसतं छाती-कंबर नाही लिहायचं, डावा खांदा उतरता आहे, मान जरा पुढे, सगळं लिहायचं, नाहीतर पुढच्या वेळी तेच गिऱ्हाईक आलं की परत पहिल्यापासून. ती खोड मला लागली ती लागलीच. आमच्याकडे लोक वहीत चार ओळी लिहितात, मी चार पानं. मोठे साहेब त्यावरून मला टोमणे मारतात. तर गेल्या सोमवारी हात टेकून मी ती पहिल्या दिवसाची चार पानं पुन्हा वाचायला घेतली, शब्द न् शब्द, आणि तिसऱ्या पानाच्या कडेला बारीक अक्षरात सापडलं: नवीन चुंबक मिळेना, ड्रॉवरच्या तळाशी जुनं होतं ते घातलं, काळपट, ओरखडे पडलेले.

चुंबक म्हणजे काय ते सांगते. आमच्या भांड्यांत पळी घालून ढवळत बसत नाहीत. भांड्यात एक बोटाच्या पेराएवढं चुंबक टाकतात, पांढरं, औषधाच्या कॅप्सूलसारखं, वरून ते न चिकटणाऱ्या तव्यावर असतं तसलं आवरण. भांड्याखालच्या यंत्रात दुसरं चुंबक फिरतं आणि त्याच्या नादाने हेही आत गरगर फिरतं. झालं ढवळणं. आता ही चुंबकं वर्षानुवर्षं वेगवेगळ्या प्रयोगांत फिरतात, आवरणावर ओरखडे पडतात, आणि त्या ओरखड्यांत कुठल्या कुठल्या धातूंचे कण जाऊन बसतात. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके. पण दोन रेणूंना एकमेकांना चिकटवायला तेवढे पुरतात. म्हणजे सहा वर्षांत जंतू मारला तो कॉम्प्युटरवाल्याने नाही, मी नाही, तर एका जुन्या, काळपट, कोणीतरी कधीतरी नीट न घासलेल्या चुंबकाने. कोणता धातू ते कळेना. मी तांबं घालून पाहिलं, निकेल घालून पाहिलं, सोन्याहून महाग असे दोन धातू साहेबांच्या पाया पडून मागून आणले आणि तेही घातले. थोड्याथोड्या मालावर. काही नाही. दोन-तीन धातू एकत्र असतील, कुठल्या प्रमाणात ते चुंबकच जाणे. ते चुंबक मिळालं तर सोमवारी सकाळी ते याच भांड्यात टाकायचं, बुधवारी माल तयार, गुरुवारी जंतूबाईंच्या हातात, आणि मग खरवडून बघू आत काय आहे ते. पण ते ड्रॉवरमध्ये नाही. कुठे आहे ते मला माहीत आहे. तेवढं खाली लिहिते, आधी तू जरा पाणी पी.

घरी सगळ्यांना, म्हणजे तुला आणि मशीनला, नमस्कार. ओट्यावरची जागा आणि काकांचा बर्फ दोन्ही संपत आलंय, म्हणून आवरतं घेते. लहानांना आशीर्वाद लिहायची पद्धत आहे, पण तुझ्या घरात मीच लहान आहे, तेव्हा तो तू मला दे. या वेळी जरा जास्तीचा दे.

तुझीच,
भिंगरी

ता. क. ते चुंबक तुझ्याकडे आहे. जंतूबाई हसल्या त्या मंगळवारी मी ते शकुनाचं म्हणून पर्समध्ये घालून ठेवलं होतं. (विज्ञान शिकलेल्या बाईने! कोणाला सांगू नकोस.) तुझ्याकडे आले तेव्हा टाचण्यांची डबी तुझ्या हातून सांडली, तू गुडघ्यावर बसून एकेक वेचायला लागलीस, आणि मी ऐटीत पर्समधून ते काढून सगळ्या टाचण्या एका फटक्यात उचलून दाखवल्या. तुला इतकं आवडलं की मी म्हटलं, ठेव तुला. तेच ते. आता आत्या, नीट ऐक. तू ते धुतलं आहेस का? मला उत्तर माहीत आहे. तू ताट उकळतेस, वाटी उकळतेस, माणूस बरं होऊन वीस वर्षं झाली तरी आपला पेला वेगळ्या फळीवर ठेवतेस, कात्रीसुद्धा उकळतेस. नुसतं उकळलं असशील तर चालेल, कण तेवढ्याने निघत नाहीत. पण काथ्याने घासलं असशील, काळपट दिसतं म्हणून, घासायची पावडर लावून, तर आत्या, तर मला खरं कळव. मी रागावणार नाही. मी कलप करायला जाईन आणि पहिली डबी तुला पाठवीन. घासलं नसशील तर आता याक्षणी काथ्या खाली ठेव. टाचण्या अलगद सोडव, पदराने पुसायचंसुद्धा नाही, आणि काचवाल्या काकांजवळच्या कागदी पाकिटात घालून दे.

ता. क. २. काकांजवळ पाकिटाबरोबर एक लाल झाकणाची डबीही आहे. चुंबक त्या डबीत घालू नकोस. ती चुंबकासाठी नाही.

ता. क. ३. ती तुझ्यासाठी आहे. आत्या, वर मी तुझ्या ब्लाउजची चेष्टा केली ती मुद्दाम केली, तू पत्र पहिल्याच पानावर फाडून टाकू नयेस म्हणून. मला हसू आलेलं नव्हतं. दोन-दोन बोटं आत, तीन पत्रांत तीन कारणांचा खोकला, आणि मागच्या शनिवारी रिळं देऊन आल्यावर काकांनी सांगितलं की चहा करताना तुला मधे दोनदा खाली बसावं लागलं. सहा वर्षं मी दुसरं काय वाचते? मला भीती वाटतेय. उणे दोन झालं तेव्हा वाटली त्याच्या शंभरपट. तू दवाखान्यात का जात नाहीस तेही मला माहीत आहे. गल्लीतल्या कोणी तुला तिथल्या क्षयाच्या खिडकीपाशी बघू नये म्हणून, आणि त्याहून जास्त, पुन्हा ती इंजेक्शनं सुरू झाली तर उरलेला कानही जाईल म्हणून. सातवीत होते मी, समोर बसून तुझ्या गोळ्या मोजायचे, आणि एक दिवस मी डावीकडून हाक मारली आणि तू वळलीच नाहीस. ते मी विसरलेले नाही. पण आता तसं नाही गं. दाद न देणारा जंतू असला तरी बहुतेकांना आता ती इंजेक्शनं देत नाहीत. नुसत्या गोळ्या, साधारण सहा महिने. माझ्या नाहीत त्या. माझ्यासारख्याच कोणीतरी, कुठल्यातरी खोलीत, असंच उभं राहून केलेल्या आहेत, आणि त्या बायकांनाही कोणीतरी आत्या असणारच. माझ्या गोळीचं मी तुला खोटं सांगितलं. गुरुवारी सगळं सुरळीत झालं तरी ती माणसाच्या तोंडात जायला दहा-बारा वर्षं लागतील. त्या गोळीची वाट बघू नकोस.

ता. क. ४. रविवारी सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भर (चुंबक धुवायचं नाही, तोंड धुवायचं, उलट करू नकोस), घरातल्या उघड्या खिडकीपाशी उभी राहा, दोन-तीनदा खोल श्वास घे आणि आतून खोकून डबीत टाक. नुसती थुंकी नको. झाकण घट्ट लाव. काका ती पिशवीत घालून तुमच्या दवाखान्यात नेऊन देतील, तिथल्या डॉक्टरीणबाईंशी मी बोललेय, चिठ्ठी काकांच्या खिशात आहे, तुला दवाखान्याच्या खिडकीपाशी उभं राहावं लागणार नाही. हल्ली दोन तासांत कळतं.

ता. क. ५. पावणेचार झाले, काका पायात चपला घालतायत. आता फक्त एवढंच. दोन्हींतलं एकच द्यायचं तुझ्या मनात आलं, किंवा चुंबक सापडलं नाही, किंवा घासून लखलखीत करून ठेवलं असशील, तर जाऊ दे ते. एकशे सतरा गेलं खड्ड्यात. डबी दे. ती रिकामी आली तर सोमवारी सकाळी मी हे भांडं आहे तसं इथेच सोडून पहिल्या बसने तिकडे येईन, आणि तुझ्या उजव्या कानाशी बसून तू हो म्हणेपर्यंत बोलत राहीन.